पाच रंग, एक साचा

जुन्या जपानी वीरचमूंच्या मालिकांवर सगळ्यात जास्त घेतला जाणारा आक्षेप एकच आहे: एक भाग पाहिला की सगळे पाहिले. आक्षेप खोटा नाही. शत्रूच्या अड्ड्यावर नवा राक्षस तयार होतो आणि शहरात धुमाकूळ घालतो. पाच वीरांपैकी एखाद्याचा जीव त्या प्रकरणात कुठंतरी अडकलेला असतो, त्यामुळं पहिली चकमक फसते. मग पाचही जण रंगीत पोशाखांत रांगेनं उभे राहून आपापलं नाव पुकारतात, पाठीमागं रंगीत धुराचा स्फोट होतो, किरकोळ शिपायांची धुलाई होते, राक्षस मरतो, लगेच पुन्हा जिवंत होऊन डोंगराएवढा होतो आणि शेवटी तेवढाच मोठा रोबो येऊन तलवारीच्या एका घावात विषय संपवतो. वीस-पंचवीस मिनिटांत एवढं सगळं, दर आठवड्याला, वर्षभर. आक्षेप घेणारा इथं थांबतो, आणि माझ्या मते समीक्षेला सुरुवात व्हायला हवी ती नेमकी इथूनच. या मालिकांत साचा म्हणजे कल्पकतेचा दुष्काळ नव्हे. कल्पकता कुठं शोधायची, याची हद्द साच्यानं आखून दिलेली असते. साचा दिसला की नाक मुरडणारा आणि लहानपणच्या मायेपोटी साच्याचंच कौतुक करत बसणारा, या दोघांनाही समोरची मालिका दिसत नाही.

ठरलेल्या चौकटीतली कारागिरी पारखायची नजर जपानातून आणायला हवी असं नाही. सेलू तालुक्यातलं, चक्राकार बारवेमुळं नाव झालेलं वालूर घ्या, नाहीतर परभणी जिल्ह्यातलं दुसरं कुठलंही गाव घ्या. सप्ताह बसला की ही नजर मांडवात पाहायला मिळते. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन. कृष्ण गोपाळांच्या शिदोऱ्या एकत्र करून काला करणार, हे पुढच्या पोरापासून मागं खांबाला टेकलेल्या म्हातारीपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. तरी माणसं येतात, आणि घरी जाताना बोलतात ते काय झालं यावर नव्हे, कसं झालं यावर. बुवांनी अभंग कोणता धरला, चाल टाळकऱ्यांना उचलता आली का, दृष्टांत लांबला का, हशा मिळतो म्हणून चरण अर्धवट टाकून बुवा भलतीकडेच गेले का. गोष्ट ठाऊक असल्यामुळंच ही समीक्षा इतकी बारीक होते. पुढं काय होणार या उत्सुकतेत लक्ष खर्ची पडत नाही. आता कोणी म्हणेल, कुठं हरिकीर्तन आणि कुठं खेळणी विकायला काढलेली मालिका. दोन्हींचा हेतू आणि दर्जा एक आहे असं मला म्हणायचंच नाही. पाहणाऱ्या-ऐकणाऱ्याची पारख दोन्हीकडं एकाच रीतीनं चालते, एवढंच म्हणणं आहे, आणि ते टिकतं का हे मालिकांच्या पुराव्यावरच तपासायला हवं.

साचा तयार कसा झाला ते आधी पाहू. १९७५ च्या मार्चअखेर जपानमधल्या दूरचित्रवाणी केंद्रांची फेरजुळणी झाली. ओसाकाचं मैनिची केंद्र एनईटीची साथ सोडून टीबीएसच्या गटात गेलं आणि जाताना ‘कामेन रायडर’ ही जोरात चालणारी मालिका घेऊन गेलं. एनईटी म्हणजे आजचं टीव्ही आसाही. त्यांची शनिवारी संध्याकाळी साडेसातची जागा अशी एका फटक्यात रिकामी झाली. ती भरायला तोएई कंपनीनं चित्रकथाकार शोतारो इशिनोमोरी यांच्या कल्पनेवर नवी मालिका उभी केली. एकट्या वीराऐवजी पाच जण, आणि पाचांचे पाच रंग. ५ एप्रिल १९७५ ला ‘हिमित्सु सेन्ताई गोरेंजर’ सुरू झाली आणि मार्च १९७७ पर्यंत तिचे ८४ भाग झाले. लाल, निळा, पिवळा, गुलाबी, हिरवा. रंगांचं हे वाटप इतकं सोपं होतं की, घरात लहान पडद्यावर पाहणाऱ्या पोराला मुखवट्यामागचा माणूस कोण, हे क्षणात कळावं. त्यातला पिवळा गडी, दाइता ओओइवा, करी-भाताचा भलताच शौकीन होता. आपल्याकडची कालवणं इंग्रजांमार्फत जपानला पोचली, आणि शंभरेक वर्षांत तिथल्या वीराची ओळख होऊन बसली. हा प्रवास स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

नाव पुकारण्याच्या प्रसंगावर हसणारे पुष्कळ. शत्रू तोवर गप्प का उभा राहतो, हा त्यांचा ठरलेला प्रश्न. त्याचं उत्तर १८६२ मध्ये रंगमंचावर आलेल्या एका काबुकी नाटकात आहे. कावाताके मोकुआमी यांच्या त्या नाटकात इनासे नदीकाठी पाच चोर छत्र्या घेऊन ओळीनं उभे राहतात आणि एकेक जण लयबद्ध बोलीत आपलं नाव, कूळ आणि कर्तृत्व सांगतो. त्यांना पकडायला आलेले शिपाई तोवर थांबतात. प्रेक्षकांपैकी कोणालाही त्यात वावगं वाटत नाही, कारण तो वेळ कथेतला नसतोच, तो नटाचा असतो. गोरेंजरची रांग थेट या रांगेतून आलेली आहे. एकदा हे ध्यानात आलं की, ‘असं प्रत्यक्षात घडेल का’ हा प्रश्न गळून पडतो आणि बघण्याजोगे प्रश्न उरतात: या वर्षीच्या चमूची पवित्र्याची ठेवण कशी आहे, पाचांच्या हालचालींत फरक किती, आणि दिग्दर्शकानं ही रांग भागात कुठं आणली? कधी ती अगदी सुरुवातीला येते, कधी शेवटपर्यंत लांबवली जाते, कधी एक जण जखमी असल्यामुळं चौघांचीच होते. चौघांची रांग म्हणजे काय, हे कळायला आधी तीस वेळा पाचांची रांग पाहिलेली असावी लागते. साच्याचं बळ इथं आहे. त्याच्यावाचून त्या रिकाम्या जागेला काही अर्थच नाही.

मुखवट्याचंही तसंच. चेहरा झाकलेला, त्यामुळं नटाचं नेहमीचं हत्यार काढून घेतलेलं. शिवाय त्या काळी चित्रण आवाजाविना होई आणि संवाद मागाहून भरले जात. म्हणून पोशाखातला वीर बोलताना मान जरा जास्तच हलवतो, हात छातीशी नेतो, बोट रोखतो. कोण बोलतंय ते कळायला दुसरा मार्ग नाही. नव्या प्रेक्षकाला हा अतिरेक वाटतो. पण पोशाखातले कलावंत आणि चेहरा दाखवणारे नट बहुधा वेगवेगळे असत, आणि एका माणसाचं व्यक्तिमत्त्व दुसऱ्याच्या शरीरातून चालू ठेवायचं, हे काम सोपं नव्हे. काझुओ नीबोरी या कलावंतानं १९९० च्या ‘फाइव्हमॅन’पर्यंत बहुतेक लाल वीर पोशाखाआडून उभे केले. जाणकार प्रेक्षक त्यांना चालीवरून ओळखतात. ही ओळख नुसत्या भक्तीतून येत नाही. एकच काम वर्षानुवर्षं निरखल्यावर येते.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. ही कला वगैरे काही नाही, ही खेळण्यांची जाहिरात आहे. हे नाकारण्यात अर्थ नाही. बान्दाईची उपकंपनी पॉपी हिनं १९७४ मध्ये धातूच्या रोबोंची चोगोकिन ही खेळणी बाजारात आणली आणि जपानी मुलांच्या मालिकांचं अर्थकारण पालटलं. तोएईनं मार्व्हलशी करार करून १९७८ मध्ये जपानी ‘स्पायडरमॅन’ काढला, त्यात कोळीवीराला चक्क लिओपार्डन नावाचा प्रचंड रोबो दिला. मूळ अमेरिकी कथेत त्याचा मागमूस नाही. पण मुलांना तो आवडला, आणि पुढच्याच वर्षी ‘बॅटल फीव्हर जे’मध्ये वीरचमूला पहिल्यांदा रोबो मिळाला. १९८० च्या ‘डेन्झीमॅन’मध्ये तो रूप बदलू लागला, १९८१ च्या ‘सन व्हल्कन’मध्ये दोन याने जोडून तयार होऊ लागला. ही प्रगती कथेच्या गरजेतून झाली असं म्हणणारा स्वतःला फसवतो. दुकानाच्या फळीवर गेल्या वर्षीपेक्षा वेगळं खोकं दिसायला हवं होतं, म्हणून ती झाली.

पण जाहिरात आहे एवढं म्हणून विषय मिटतो का? मालकाची अट एवढीच असे की खेळणं पडद्यावर दिसलं पाहिजे. ते कसं दिसावं, कुठल्या भावनेच्या शेवटी दिसावं, हे लेखकाच्या हातात राही. ‘बॅटल फीव्हर जे’च्या सुरुवातीच्या भागांत रोबो येतच नाही. तो अजून बांधला जातोय आणि शत्रूला त्याचे आराखडे हवेत, यावर त्या भागांतला पेच उभा आहे. विकायची वस्तू आधी लपवून ठेवायची, तिच्यासाठी माणसं जिवावर उदार होताना दाखवायची आणि मग ती बाहेर काढायची, यात धंद्याची जाण आहे आणि गोष्ट सांगण्याचीही. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतातच असं नाही. कधी कधी खाऊन टाकतात, हेही खरं. नव्वदच्या दशकाच्या पुढं एका वर्षात इतके रोबो आणि इतकी जोड-यंत्रं येऊ लागली की काही मालिकांत पात्रांना श्वास घ्यायला जागा उरली नाही. तिथं समीक्षकानं सरळ नापास म्हणावं. जाहिरातीच्या अटीत राहून कोणाला जमलं आणि कोणाला नाही, हे सांगता येतं, याचा अर्थच असा की अट म्हणजे निकाल नव्हे.

माझ्या म्हणण्याची खरी कसोटी पाहायची तर हिरोहिसा सोदा यांची नऊ वर्षं पाहावीत. पहिल्या काळात मुख्य लेखक होते ओकिनावाचे शोझो उएहारा. १९८२ च्या ‘गॉगल फाइव्ह’पासून १९९० च्या ‘फाइव्हमॅन’पर्यंत सलग नऊ मालिकांची मुख्य धुरा सोदांकडं आली. तोच साचा, तीच कंपनी, तोच लेखक. साचा कल्पकता मारतो हे खरं असतं, तर या नऊ वर्षांत एकाच कथेच्या नऊ प्रती मिळायला हव्या होत्या. तशा त्या मिळत नाहीत. १९८५ ची ‘चेंजमॅन’ घ्या. ५५ भागांची ही मालिका सुरू होते ती पृथ्वीवर चालून आलेल्या गोझ्मा या तारकासाम्राज्यापासून. शत्रूचे सरदार वाईट, आपले पाच चांगले. हळूहळू कळू लागतं की हे सरदार स्वतः जिंकल्या गेलेल्या ग्रहांचे आहेत आणि मायभूमी परत मिळेल या आशेवर साम्राज्याची चाकरी करताहेत. गेटर हा जहाज हाकणारा अधिकारी बायकापोरांच्या ओढीनं लढाईतून फुटतो. चमूला कठोरपणे घडवणारा इबुकी हा प्रशिक्षकच परग्रहावरचा निर्वासित निघतो. म्हणजे दर आठवड्याला ‘आपण विरुद्ध ते’ असा साचा वापरणारी मालिका शेवटाला येईतो ‘ते’ कोण, हा प्रश्न विचारते. आणि तो प्रश्न बोचतो, कारण मधल्या चाळीस भागांत आपण त्या ‘त्यां’च्या फजितीवर हसलेलो असतो.

त्याच्या पुढच्या वर्षीची ‘फ्लॅशमॅन’ वेगळ्या दिशेनं जाते. लहानपणी पळवून नेलेली पाच मुलं वीस वर्षांनी पृथ्वीवर आई-बापांच्या शोधात परततात, आणि मालिका संपत येते तसं लक्षात येतं की इथली हवा, इथलं पाणीच त्यांच्या जिवावर उठलंय. राक्षस हरतात, साम्राज्य बुडतं, तरी पाचांना घर सोडून जावं लागतं. १९८८ च्या ‘लाइव्हमॅन’मध्ये शत्रूच्या गोटातले तिघं पूर्वीचे वर्गमित्र आहेत, हुशारीच्या घमेंडीनं माणसांची साथ सोडून गेलेले. या तिन्ही मालिकांत राक्षस मोठा होतो, रोबो येतो, स्फोट होतो. साच्याला कुठंच धक्का नाही. फरक पडतो तो साच्यातल्या कोणत्या कडीवर लेखकानं वजन टाकलं यात: शत्रूच्या अड्ड्यावर, वीरांच्या घरावर, की दोन्हींना जोडणाऱ्या जुन्या ओळखीवर.

कधी कधी साच्याबाहेरचा अपघातही कामी येतो. ‘बायोमॅन’ या १९८४ च्या मालिकेत पाचांत पहिल्यांदा दोन स्त्रिया होत्या. त्यातली यलो फोर करणारी अभिनेत्री सुरुवातीलाच काम सोडून गेली. दहाव्या भागात पात्राला मारलं गेलं, तेही मुखवटा न उतरवता, कारण दाखवायला चेहराच शिल्लक नव्हता. तिच्या जागी धनुर्धारी जुन याबुकी आली. निर्मितीची अडचण ही. पण पडद्यावर काय उरतं? लहान मुलांच्या मालिकेत एक वीर मरतो, परत येत नाही, आणि शेवटच्या क्षणीही त्याचा चेहरा दिसत नाही. कारण माहीत नसलेला प्रेक्षक याला धाडसी कला म्हणेल, कारण माहीत असलेला नुसती तडजोड म्हणून सोडून देईल. माझ्या मते दोघंही अर्धवट. तडजोड होती हे सांगावं, आणि ती कशी निभावली हेही पाहावं.

साच्याला उघड आव्हान दिलं ते १९९१ च्या ‘जेटमॅन’नं. मुख्य लेखक तोशिकी इनोउए, मुख्य दिग्दर्शक केइता आमेमिया. पाचांपैकी एकच तयार सैनिक. बाकी चौघांवर शक्ती चुकून येऊन पडलेली. त्यांत एक शेतकरी आहे, एक श्रीमंताची मुलगी, एक शाळकरी पोरगी आणि एक कोणालाच न जुमानणारा गडी. रांगेत उभं राहायचीच तयारी नसलेली माणसं रांगेत उभी करायची, हा या मालिकेचा सगळा खेळ. शेवटच्या भागात युद्ध संपून तीन वर्षं झालेली असतात, मित्राचं लग्न असतं, आणि ब्लॅक कॉन्डोर म्हणजे गाइ युकी वाटेत एका पाकीटमाराला अडवताना भोसकला जातो. तसाच तो लग्नाला येऊन बाकावर बसतो. विश्वजेत्यांना हरवलेला वीर रस्त्यावरच्या चोराच्या सुऱ्यानं मरतो. पन्नास भाग राक्षस पाहून झाल्यावर सुरा एवढा भयंकर वाटतो, याचं श्रेय पुन्हा त्या पन्नास भागांनाच.

इथवरचं सगळं मूळ जपानी मालिकांबद्दल. आपल्याकडच्या चाहत्याची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे, कारण त्यानं पाहिलं ते बहुधा मूळ नव्हतंच. १९८० च्या दशकात दूरदर्शनवर ‘जायंट रोबो’ आली; तोएईचीच १९६७-६८ ची २६ भागांची मालिका, पण अमेरिकेत इंग्रजी करून पाठवलेली. त्यातला दाइसाकू नावाचा मुलगा आपल्यापर्यंत पोचला तो जॉनी सोको होऊन. पुढं २००४ च्या डिसेंबरमध्ये टून डिस्ने वाहिनी भारतात सुरू झाली आणि जेटिक्सच्या नावाखाली ‘पॉवर रेंजर्स’ हिंदीतून घराघरांत दिसू लागली. मराठी आवाज तिला नव्हता. वालूरसारख्या गावात केबलच्या तारेनं किंवा छपरावरच्या छत्रीनं ती पोचली, तेव्हा एकाच वेळी तीन थर पडद्यावर होते: जपानमध्ये चित्रित झालेल्या लढाया, त्यांच्या अधेमधे अमेरिकी निर्मात्यांनी नव्यानं घातलेले चेहऱ्यांचे प्रसंग, आणि वरून मुंबईच्या धाटणीची हिंदी. आज मोठा झालेला चाहता ‘लढाई जबरदस्त, पण गोष्ट पोरकट’ असं म्हणतो, तेव्हा तो दोन वेगळ्या देशांच्या कामाला एकच गुणपत्रिका देत असतो.

हे थर सुटे करणं ही समीक्षेची पहिली पायरी, आणि त्याचे पुरावे पडद्यावरच आहेत. २८ ऑगस्ट १९९३ ला अमेरिकेत सुरू झालेली पहिली ‘पॉवर रेंजर्स’ १९९२ च्या ‘झ्युरेंजर’ वर बेतलेली होती. तिच्यात पिवळी वीर ट्रिनी ही मुलगी आहे. पण गुलाबी पोशाखाला छोटा घागरा आहे आणि पिवळ्याला नाही, कारण मूळ मालिकेतला पिवळा वीर मुलगा होता. दुसरा पुरावा जास्त मोलाचा. रीटा रिपल्सा ही किंचाळणारी चेटकीण आपण पाहिली, ती पहिल्या वर्षी मूळ जपानी अभिनेत्री माचिको सोगाच होती, आवाज तेवढा दुसरीचा. मूळ मालिकेत ती बान्दोरा. मुलगा गेला त्या दुःखात सैतानाशी सौदा केलेली आई. शेवटाकडं परत मिळालेला तो मुलगा पुन्हा मरतो, बान्दोराच्या डोळ्यांतून पाणी येतं, आणि त्या पाण्यानं तिची जादू संपते. अमेरिकी मालिकेत हे सगळं गळालं आणि उरला तो फक्त थयथयाट. त्यावरून ‘जुन्या मालिकांतले खलनायक उथळ’ असा निष्कर्ष काढणं माचिको सोगांवर अन्याय आहे.

तिसरा पुरावा हिंदीतून पाहणाऱ्या पिढीच्या जवळचा. ‘पॉवर रेंजर्स एसपीडी’मध्ये पोलीस-वीर गुन्हेगाराला हरवून एका कार्डात बंद करतात. ती ज्या ‘देकारेंजर’वर बेतली त्या २००४ च्या जपानी मालिकेत असं नाही. तिथं दूर अंतराळातल्या न्यायालयाला लढाईच्या ऐन मध्यावर विचारलं जातं, काही क्षणांत निकाल येतो, आणि निकाल बहुधा मृत्युदंडाचा असतो. वीर तो तिथंच अमलात आणतात. एकीकडं तुरुंग, दुसरीकडं जागच्या जागी शिक्षा. मुलांना कायदा काय शिकवला जातोय, असा प्रश्न विचारायचा असेल, तर तो कोणत्या मालिकेला विचारतोय हे आधी ठरवावं लागेल. मूळ मालिकेपुढं हा प्रश्न फार अडचणीचा आहे, आणि चाहत्यांनी तो टाळू नये असं मला वाटतं.

टाळू नये असे आणखीही प्रश्न आहेत. साचा म्हणजे कारागिरीची जागा, असं म्हटल्यानं साच्यातल्या सगळ्याच गोष्टी माफ होत नाहीत. पाचांत एकच स्त्री, तीही गुलाबी, हा नियम गोरेंजरनं घालून दिला. त्यातली पेगी मात्सुयामा स्फोटकांची जाणकार होती, कानातल्या डुलांचे बॉम्ब फेकायची. गुलाबी म्हणजे नाजूक असं निदान तिच्या बाबतीत म्हणता येत नाही. तरी एकास चार हे प्रमाण थोड्याफार फरकानं बायोमॅनपर्यंत चाललं आणि नंतरही वारंवार परतलं. नेतृत्व लाल पुरुषाकडं, हेही जवळजवळ ठरलेलं. ‘काळच तसा होता’ हे उत्तर इथं पुरत नाही, कारण त्याच काळात बायोमॅननं दोन स्त्रिया घेऊन दाखवल्या आणि मालिका चालली. हद्द पाहून पारख करायची म्हणजे एवढंच: जे त्या हद्दीत करता येत होतं आणि केलं नाही, त्याबद्दल जाब विचारायचा, जे करणं शक्यच नव्हतं, त्याबद्दल नाही. तारांवर लोंबकळणारी विमानं, पुठ्ठ्याच्या इमारती, तोचिगी प्रांतातल्या इवाफुने डोंगराच्या त्याच त्या दगडखाणीत होणारे स्फोट, हे दुसऱ्या खात्यात जातं. आठवड्याला एक भाग देणाऱ्या मंडळींकडून याहून वेगळं मागणं व्यर्थ आहे. उलट नोबुओ याजिमा यांच्या चमूनं त्या छोट्या प्रतिकृतींत उन्हाची दिशा आणि कॅमेऱ्याची खालून वर जाणारी नजर किती जपली, हे पाहिलं तर पुठ्ठा विसरायला होतं.

आणखी एक आक्षेप राहतो. मुलांसाठी केलेल्या गोष्टीवर मोठ्यांनी एवढं डोकं का चालवावं? सरळ उत्तर असं की मुलांना नकार द्यायची सोय फार थोडी असते. समोर लावलं ते पाहतात, आणि पाहिलेलं बराच काळ डोक्यात राहतं. फ्रान्समध्ये १९८५ पासून ‘बायोमॅन’नं आणि ब्राझीलमध्ये १९८८ पासून ‘चेंजमॅन’नं एकेक पिढी बांधून ठेवली, आपल्याकडं ते काम हिंदी ‘पॉवर रेंजर्स’नं केलं. एवढ्या मुलांच्या मनात घर केलेल्या गोष्टीची मोठेपणी नीट तपासणी होऊ नये, असं म्हणणाऱ्यानंच खरं तर कारण द्यायला हवं. आणि तपासणी म्हणजे टिंगल नव्हे, आरतीही नव्हे.

तोएईनं एप्रिल २०२० पासून आपल्या जुन्या मालिकांचे भाग यूट्यूबवर जगभरच्या प्रेक्षकांसाठी अधिकृतपणे ठेवायला सुरुवात केली, त्यामुळं मूळ पाहायला मिळत नाही ही सबब आता पूर्वीइतकी चालत नाही. पाहणाऱ्याला माझी विनंती एकच आहे: दहा मालिकांचे पहिले दोन-दोन भाग पाहून मत बनवू नका. त्यानं साचा तेवढा दिसतो. कुठलीही एक मालिका निवडून पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहा, आणि निवड सुचवायचीच तर ‘चेंजमॅन’ घ्या. विसाव्या भागापर्यंत कंटाळा आला तर येऊ द्या. गेटरच्या बायकोची गाठ पडेपर्यंत सोडू नका. आणि पाहून झाल्यावर त्यावर मराठीत लिहा, कारण या मालिकांवर आपल्या भाषेत अजून फारच थोडं लिहिलं गेलंय.